शाळेत भरलेला ऑलिम्पियाड आणि खरा ऑलिम्पियाड : विज्ञान स्पर्धांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या स्पर्धांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतके आले की सगळे छापणं शक्य नाही. बरेचसे एकाच अंगाने जाणारे होते म्हणून काही एकत्र केलेत, आणि ज्यांची उत्तरं इतर पालकांना, शिक्षकांना पण उपयोगी पडतील असे निवडलेत. नावं छापत नाही, फक्त गाव देतोय.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. शाळेतून दरवर्षी तीन-चार ऑलिम्पियाडचे फॉर्म येतात, आम्ही सगळ्यांची फी भरतो. गेल्या वर्षी त्याला गोल्ड मेडल मिळालं तर घरचे विचारायला लागले की आता हा इंटरनॅशनलला जाणार का. ह्यातला खरा ऑलिम्पियाड कुठला? (एक आई, कराड)

ताई, पहिलं म्हणजे मेडल मिळालं त्याचा आनंद पोराला पुरेपूर होऊ द्या, त्याने अभ्यास केलाय. पण शाळेतून जे फॉर्म येतात त्या बहुतेक परीक्षा खाजगी कंपन्या किंवा संस्था घेतात. नावात इंटरनॅशनल असतं, मेडल वर्गातल्या किंवा शाळेतल्या पहिल्या नंबराला मिळतं, आणि त्या रस्त्याने भारताच्या टीममध्ये कुणी जात नाही. सराव म्हणून एखादी द्यायला हरकत नाही, पण चार-चार फॉर्म भरायचं काही कारण मला दिसत नाही.

ज्या ऑलिम्पियाडमधून भारताची टीम निवडली जाते त्याचं केंद्र आपल्याच महाराष्ट्रात आहे, मुंबईत मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, १९७४ साली सुरू झालं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, ॲस्ट्रॉनॉमी आणि दहावीपर्यंतच्या मुलांसाठी ज्युनियर सायन्स असे विषय, शिवाय गणित. सायन्सची पहिली फेरी, जिला एनएसई म्हणतात, ती साधारण नोव्हेंबरात असते आणि ती घेते आयएपीटी, म्हणजे फिजिक्सच्या शिक्षकांनी १९८४ साली काढलेली संघटना. गणिताची पहिली फेरी गणित शिक्षकांची संघटना घेते, तिचं नाव आयओक्यूएम. पहिल्या फेरीतून पुढे गेलेल्यांची दुसरी परीक्षा, त्यातून थोड्या मुलांचा कॅम्प, कॅम्पमध्ये थिअरी आणि प्रयोग दोन्ही, आणि शेवटी टीम: फिजिक्सला पाच जण, केमिस्ट्री बायोलॉजीला चार-चार, ज्युनियर सायन्स आणि गणिताला सहा-सहा. टीमच्या जाण्यायेण्याचा खर्च सरकार करतं. १९९६ ला गणिताचा, २०१५ ला फिजिक्सचा आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ॲस्ट्रॉनॉमीचा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच झाला, जगभरातली पोरं इथे आली होती, पण आपल्या पेपरांत त्याच्या बातम्या क्रिकेटच्या मानाने किती आल्या ते तुम्ही पाहिलंच असेल.

तुमचा मुलगा सहावीत आहे म्हणजे ह्या सगळ्याला अजून वेळ आहे. आत्ता त्याच्यासाठी मी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सांगेन. सहावी आणि नववीसाठीच असते, मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून घेते, मराठीतून देता येते. नाव सारखं असलं तरी मानखुर्दच्या केंद्राचा आणि हिचा संबंध नाही, बऱ्याच पालकांचा इथे गोंधळ होतो. ह्या स्पर्धेची गंमत अशी की लेखी परीक्षा ही फक्त सुरुवात. पुढच्या फेरीत मुलाला टेबलासमोर उभं करतात, समोर सामान असतं आणि प्रयोग करायचा असतो, मोजायचं असतं, लिहायचं असतं. त्याच्या पुढे स्वतः केलेला कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. पाठांतर पहिल्या फेरीपर्यंत साथ देतं, मग बर्नर पेटवताना हात थरथरला की कळतं की शाळेत हे कधी करूच दिलं नाहीये. आता ह्याचेही क्लास निघालेत गावोगावी. क्लासच लावायचा असेल तर आधी तिथे जाऊन बघा की मुलांच्या हातात टेस्ट ट्यूब देतात का नुसत्या प्रश्नसंचाच्या झेरॉक्स.

गणिताची आवड असेल तर पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची पाचवी-सहावीसाठीची गणित प्रज्ञा शोध स्पर्धा बघा. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली संस्था आहे आणि ऑलिम्पियाडची तयारी करून घेणाऱ्या जुन्या जागांपैकी एक आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. लॅब नाही, एक कपाट आहे. मुलं खूप चौकस आहेत पण स्पर्धा म्हटलं की इंग्लिश मीडियमवाले आणि पैसेवालेच पुढे जातात असं त्यांच्याही मनात बसलंय. आमच्यासाठी काही आहे का? (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

आहे सर, आणि नुसतं आहे असं नाही तर दोन गोष्टी अशा आहेत की तिथे तुमची मुलं शहरातल्या मुलांच्या पुढे असू शकतात, हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

एक म्हणजे इन्स्पायर अवॉर्ड मानक. केंद्राचा विज्ञान तंत्रज्ञान विभाग आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मिळून चालवतात. सहावी आणि पुढच्या वर्गातली मुलं, शाळेने पाचपर्यंत कल्पना ऑनलाईन पाठवायच्या, साधारण पावसाळ्यात पोर्टल उघडतं. निवड झाली की मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात मॉडेल करायला, आणि मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असं पुढे. इथे कल्पना निवडतात, तयार वस्तू नाही, त्यामुळे पैसा आधी लागत नाही. फक्त पुस्तकातलं किंवा यूट्यूबवरचं पाठवू नका, ज्वालामुखी, पवनचक्की, पावसाचं पाणी साठवणारं घर हे सगळं तिथे ढिगाने येतं आणि बाजूला पडतं. तुमच्याकडे मूल शेतात जातं, पाणी शेंदतं, शेरडं राखतं, आईला लाकडं फोडताना बघतं, त्याला रोज काहीतरी अडतं, आणि जिथे अडतं तिथेच कल्पना असते. मुलाला विचारा की घरातलं कुठलं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे. आणि एक फारच साधी गोष्ट, खात्यावरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एक आहे ना बघून घ्या, आडनाव पुढे-मागे असलं की पैसे अडकतात आणि पोर वर्षभर विचारत राहतं सर कधी येणार.

दुसरी म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १९९३ पासून चालू आहे. १० ते १७ वयाची मुलं, शाळेत नाव नसलेलं मूलसुद्धा भाग घेऊ शकतं, रिपोर्ट आपल्या भाषेत लिहायचा, आपल्या भाषेत बोलायचं. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने वर्षानुवर्षं ह्याचं समन्वयाचं काम केलंय. दरवेळी एक मुख्य विषय असतो आणि त्याखाली आपल्या गावचा प्रश्न घेऊन मुलांनी अभ्यास करायचा असतो. मॉडेल नाही, थर्मोकोल नाही, अभ्यास. मला स्वतःला ही स्पर्धा सगळ्यात जास्त आवडते.

उदाहरण देतो म्हणजे कळेल. तुमच्याकडे पत्र्याच्या वर्गखोल्या असतील. पत्र्याला वरून चुना लावला तर खोली किती गार होते, हा प्रश्न. दोन सारख्या खोल्या घ्या, एकीच्या पत्र्यावर चुना, दुसरीच्या नाही, दोन्हीत भिंतीपासून सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीवर थर्मामीटर टांगा आणि बारा, दोन, चार वाजता मोजा. पण चुना लावायच्या आधी चार-पाच दिवस दोन्ही खोल्या तशाच मोजा, कारण एकीवर झाडाची सावली पडत असेल तर फरक मुळातच असेल आणि मुलं तो चुन्याच्या नावावर लिहून मोकळी होतील. रोज किती मुलं बसली होती ते लिहा, खिडक्या उघड्या होत्या का ते लिहा. हे सगळं लॉगबुकमध्ये, म्हणजे साध्या शंभर पानी वहीत, त्याच दिवशी, पेनाने. आणि एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर तो रकाना रिकामा सोडायचा, बाजूला लिहायचं की आज बाजार होता, कुणी आलं नाही. तो रिकामा रकाना बघून चांगला परीक्षक खूश होतो कारण त्यावरून त्याला कळतं की बाकीचे आकडे खरे आहेत. सगळे रकाने एकाच शाईने एकाच अक्षरात भरलेले असले की उलट शंका येते.

शिवाय तालुका, जिल्हा, राज्य असं आपलं नेहमीचं विज्ञान प्रदर्शन आहेच. त्यात शिक्षकांचा आणि प्रयोगशाळा परिचरांचा पण वेगळा गट असतो हे बऱ्याच शाळा विसरतात. कपाटातल्या सामानावर तुम्ही स्वतः जे जुगाड करून शिकवता ना, ते तिथे मांडा सर.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनाला सगळे पालक दुकानातून तयार मॉडेल आणतात, आम्ही मुलीला स्वतः करू दिलं तर ते बावळट दिसतं आणि नंबर येत नाही. मग काय करायचं? (एक वडील, पनवेल)

दादा, तुमची चिडचिड रास्त आहे, ते मी मान्य करतो. तालुका पातळीवर एका दिवसात शेकडो मॉडेलं, परीक्षक दोन किंवा तीन, एका टेबलापाशी दोन मिनिटं, त्यात चकचकीत एलईडीवालं पुढे जातं कधीकधी, जायला नको तरी जातं. पण जसजसं वर जाल तसतसे परीक्षक वेळ देतात आणि वस्तूपेक्षा मुलाशी बोलतात. हायड्रॉलिक ब्रिज ठेवलाय, छान वर-खाली होतोय, परीक्षक म्हणतात ह्या बाजूची सिरिंज मोठी लावली तर काय होईल? ज्या मुलीने स्वतः चार वेळा नळी निसटलेली बघितलीये, पाणी कपड्यांवर उडालंय, ती म्हणते मोठी लावली तर जोर कमी लागतो का जास्त ते मी करून बघितलंय, कोणत्या बाजूची मोठी त्यावर आहे. आणि ज्याच्या बाबांनी आदल्या रात्री आणून दिलं तो पाठ केलेलं भाषण पहिल्यापासून सुरू करतो, नमस्कार माझं नाव अमुक.

म्हणून मुलीला करू द्या, पण नीटनेटकं करायला जरूर शिकवा. कात्री, करवत, सोल्डरिंग तुम्ही शेजारी बसून शिकवलंत तर ती मदतच आहे, त्यात गैर काही नाही. तिच्या झोपेच्या वेळात तुम्ही करून ठेवलंत तर मात्र मॉडेल तुमचं झालं. आणि पहिलं फसलेलं मॉडेल फेकू नका, ते पण टेबलावर मागच्या बाजूला ठेवायला सांगा, त्यावरून कसं बदलत गेलं हे तिला दाखवता येतं.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, इथे अमेरिकेत. किचनमधल्या स्पंजवर किती बॅक्टेरिया असतात हा सायन्स फेअरचा प्रोजेक्ट तिने घरीच सुरू केला, पेट्री डिश, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या बशा, ऑनलाईन मागवल्या. आता टीचर म्हणतात हे चालणार नाही. एवढी साधी गोष्ट, एवढे नियम कशाला? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, टीचर बरोबर आहेत, आणि आत्ताच कळलं हे चांगलं झालं, कारण रिजनल फेअरला कळलं असतं तर प्रोजेक्ट थेट बाद झाला असता.

तुमच्याकडच्या बहुतेक मोठ्या फेअर शेवटी आयसेफला जोडलेल्या असतात. आयसेफ म्हणजे नववी ते बारावीच्या मुलांची जगातली मोठी विज्ञान-इंजिनिअरिंग स्पर्धा, १९५० साली फिलाडेल्फियाला सुरू झाली, आणि ती चालवते सोसायटी फॉर सायन्स. ही संस्था १९२१ ची, मुळात वर्तमानपत्रांना विज्ञानाच्या खऱ्या बातम्या पुरवायला काढलेली. पैसे देणारी कंपनी बदलत गेली, आधी बरीच वर्षं इंटेल, २०२० पासून रिजेनेरॉन, पण नियम करणारी आणि स्पर्धा सांभाळणारी संस्था तीच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कंपनी येते जाते, पण मागे पक्की संस्था असली की स्पर्धा टिकते.

त्यांचा नियम असा आहे की घरी बॅक्टेरिया वाढवायचे नाहीत, अजिबात नाही. स्पंजवरून नमुना घरी घ्या, पण डिश शाळेच्या लॅबमध्ये, मोठ्यांच्या देखरेखीखाली. काय वाढतंय हे माहीत नसतं म्हणून डिश सील करायची आणि सीलबंदच ठेवायची, बाहेरून मोजायचं. उघडली तर जास्त सुरक्षेची लॅब लागते. कारण नमुन्यातून दहा-वीस जंतू आले तरी ते डिशमध्ये कोट्यवधी होतात, आणि ते कुठले हे कुणालाच ठाऊक नाही, घरात लहान मूल किंवा आजी असेल तर विचार करा. माणसांवर प्रयोग असेल, अगदी वर्गमैत्रिणींचा सर्व्हे असला तरी कमिटीची परवानगी लागते, प्राण्यांवर असेल तर त्याचे वेगळे नियम. आणि हे सगळे कागद प्रयोग सुरू करायच्या आधीच्या तारखेचे हवेत, नंतर सही घेऊन चालत नाही.

तेव्हा आत्तापर्यंतच्या डिश न उघडता टीचरना विचारून नीट नष्ट करा, आधी रिसर्च प्लॅन लिहायला लावा, सह्या घ्या आणि लॅबमध्ये नव्याने सुरू करा. प्रश्न तिचा चांगला आहे, तो सोडू नका. स्पंज उन्हात वाळवला तर किती फरक पडतो, मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर किती, असं तुलना करणारं केलं तर अजून भरीव होईल.

इथल्या वाचकांसाठी, भारतातून आयसेफला जायचा रस्ता आयरिस नावाच्या राष्ट्रीय स्पर्धेतून जातो. मराठी मुलांनी त्याचे अर्ज नक्की बघावेत.

प्रश्न : डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोबोटिक्सच्या स्पर्धेत उतरायचंय पण घरची परिस्थिती बेताची, किट हजारोंची. शिवाय वशिल्याशिवाय टीममध्ये घेतात का? (विद्यार्थी, इचलकरंजी)

मित्रा, तू ज्या गावात राहतोस तिथे गल्लोगल्ली लूम आणि वर्कशॉप आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत, मोटर रिवाइंडिंगवाले आहेत. शहरातली पोरं जे ऑनलाईन मागवतात ते तुला शेजारी भंगारात मिळेल, आणि नुसतं मिळणार नाही तर ते कसं चालतं हे सांगणारा मिस्त्री पण मिळेल.

शाळकरी मुलांच्या स्पर्धा, म्हणजे फर्स्ट लेगो लीग वगैरे, त्यात ठरावीक किट लागतं आणि ते महाग असतं हे खरं आहे. फर्स्ट ही डीन केमन ह्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली काढलेली संस्था, तिचं एक मला मनापासून पटतं की तिथे रोबोच्या अडीच मिनिटांच्या खेळाइतकंच महत्त्व टीम एकमेकांशी आणि प्रतिस्पर्ध्यांशी कशी वागली ह्याला असतं, दुसऱ्या टीमची बॅटरी गेली तर आपली द्यायची असा तिथला रिवाज आहे. पण कॉलेजची रोबोकॉन वेगळी. आशिया-पॅसिफिकमधल्या ब्रॉडकास्टिंग संस्थांची संघटना २००२ पासून भरवते, आपल्याकडून त्यात दूरदर्शन. दरवर्षी नवा खेळ, आणि रोबो मुलांनी स्वतः बनवायचा. २००८ साली यजमानपद पुण्याकडे होतं तेव्हा थीम चक्क दहीहंडीची होती, रोबोंनी उंचावरच्या मडक्यातून लोणी काढायचं! २०१४ ला परत पुण्यातच झाली. बालेवाडीला राष्ट्रीय फेऱ्या व्हायच्या तेव्हा कितीतरी टीम ॲल्युमिनियमचे चॅनल कापत, वेल्डिंग करत रात्र रात्र जागायच्या.

वशिल्याचं म्हणशील तर टीमला सगळ्यात जास्त गरज असते ती रात्री थांबून काम करणाऱ्याची. प्रोग्रॅमिंग करतो म्हणणारे दहा येतात, नीट सोल्डरिंग करणारा, वायरिंगला लेबलं लावणारा, बेअरिंग घट्ट बसवणारा एखादाच. ते एक काम पक्कं शिक आणि त्या कामासाठी टीमकडे जा. कॉलेजला टीमच नसेल तर तीन-चार जण मिळून आधी साधा लाईन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या रेषेवरून चालणारा रोबो करा आणि जवळच्या कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये उतरवा. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असली तर तिथे विचारून बघ, नीती आयोगाने २०१६ पासून शाळांना त्यासाठी २० लाखांपर्यंत दिलेत, काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरखाली पडून आहे कारण शिकवायला कोणी नाही. तू जाऊन शाळेतल्या पोरांना शिकव आणि बदल्यात मशीन वापरू द्या म्हण, बरेच हेडसर हो म्हणतील.

प्रश्न : मोठ्या मुलाने एनटीएसई दिली होती, धाकटीसाठी विचारायला गेलो तर शाळा म्हणते बंद झाली. केव्हीपीवाय पण नाही म्हणतात. खरं का? (पालक, लातूर)

खरं आहे. केव्हीपीवाय, म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत मिसळून टाकली, आणि एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ नंतर थांबवलेली आहे. ह्या दोन्हीतून लहान गावातल्या मुलांना स्कॉलरशिप मिळायची, त्यामुळे हे नुकसानच आहे आणि परत सुरू व्हाव्यात असं मला फार वाटतं. तोपर्यंत त्यांच्या नावाने कोणी क्लास किंवा टेस्ट सिरीज विकत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : नाशिकला एका कारखान्यातून मेन्टेनन्स इंजिनिअर म्हणून रिटायर झालो. मुलांसाठी काही करायची इच्छा आहे. ह्या संस्थांना माझ्यासारख्याचा काय उपयोग? (एक वाचक, नाशिक)

काका, खूप उपयोग. वर ज्या ज्या संस्थांची नावं आली त्यातल्या बहुतेक शिक्षकांच्या आणि तुमच्यासारख्यांच्या फुकट श्रमांवर चालतात. शनिवार-रविवारी पेपर तपासणारे, प्रॅक्टिकलच्या टेबलावर ऐंशी मुलांसाठी ऐंशी वेळा सामान मांडणारे, मुलांना स्टेशनवरून घेऊन येणारे, ही सगळी माणसं कुठल्या फोटोत नसतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून अशीच उभी आहे, मुंबईत चुनाभट्टीला तिचं विज्ञान भवन आहे आणि गावोगावी विभाग आहेत. जयंत नारळीकरांनी ह्याच परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत टोपणनावाने गोष्ट पाठवून बक्षीस मिळवलं आणि तिथून मराठीत त्यांचं कथालेखन सुरू झालं. म्हणजे नीट चालवलेली एक स्पर्धा काय करू शकते बघा.

तुम्ही तीन ठिकाणी विचारा. आपल्या भागातल्या विज्ञान परिषदेच्या विभागाकडे, गटशिक्षणाधिकारी ऑफिसमध्ये तालुका प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून नाव द्यायला, आणि घराजवळच्या एका शाळेत, जिथे महिन्यातून दोनदा जाऊन मुलांना मल्टीमीटर धरायला शिकवाल. पैसे द्यायचे असतील तर ट्रॉफीला देऊ नका, एसटीच्या भाड्याला द्या. जिल्ह्यात निवड झालेली मुलगी राज्याच्या फेरीला जाऊ शकत नाही कारण तिच्यासोबत जाणाऱ्या बाईंचं आणि तिचं भाडं, एक रात्र राहणं ह्याची सोय नाही, असं दरवर्षी होतं. फोन दिवाळीच्या आधी करा, नोव्हेंबर ते जानेवारी ह्यांचा सगळा मोसम असतो आणि तेव्हा माणसं शोधायला त्यांच्याकडे वेळ नसतो.